मत कुठून आलं, हे मनाला विचारू नका

आपलं एखादं मत विचारातून आलं की भावनेतून, हे ओळखायचं कसं? या प्रश्नावर बहुतेक जण एकच सल्ला देतात: शांत बसा, आत डोकावा, स्वतःशी प्रामाणिक राहा. हेतू चांगला असतो. पण हा सल्ला उपयोगाचा नाही, आणि सार्वजनिक प्रश्नांवर बोलताना तर तो नुकसानच करतो, असं माझं ठाम मत आहे. आत डोकावलं की प्रत्येकाला कारणंच दिसतात. भावना स्वतःच्या नावानं पुढे येत नाही. ती आपल्यापर्यंत पोचते तोवर तिच्या हाती दोन आकडे, एक दाखला आणि "यात न समजण्यासारखं काय आहे" हे वाक्य आलेलं असतं.

१९७७ साली रिचर्ड निस्बेट आणि टिमोथी विल्सन या मानसशास्त्रज्ञांनी एक निबंध प्रसिद्ध केला. त्यातला एक प्रयोग अगदी साधा आहे. एका दुकानात नायलॉनच्या मोज्यांच्या चार जोड्या ओळीनं मांडल्या आणि येणाऱ्याजाणाऱ्यांना विचारलं, यातली सगळ्यात चांगली कोणती? चारही जोड्या हुबेहूब सारख्या होत्या. तरी सगळ्यात उजवीकडची जोडी सगळ्यात डावीकडच्या जोडीपेक्षा जवळपास चौपट वेळा निवडली गेली. हीच का निवडली, यावर लोकांनी कारणं दिली, पण मांडणीतल्या जागेचं नाव कुणी आपणहून घेतलं नाही. जागेमुळे निवडली असेल का, असं थेट विचारल्यावर जवळजवळ सगळ्यांनी ते झटकून टाकलं. यातलं कुणीही खोटं बोलत नव्हतं. निवड आधी झाली होती, कारण नंतर सुचलं होतं, आणि सुचलेलं कारण त्यांना निवडीचं मूळ वाटत होतं.

मोज्यांच्या बाबतीत हे होतं, तर माती, धर्म, जात, भाषा, जंगल या गोष्टींबाबत काय होत असेल! नागपुरात राहणाऱ्याला याचा विचार टाळता येत नाही. विजयादशमीला या एकाच शहरात रेशीमबागेत संघाचा एक समुदाय जमतो आणि दीक्षाभूमीवर आंबेडकरी अनुयायांचा दुसरा. दोन्हीकडे शिकलेली, वाचणारी, आपल्या विचारांचा पुरावा देऊ शकणारी माणसं असतात. दोन्हीकडच्या बहुतेकांना वाटतं की आपण विचार करून इथे पोचलो. पण यातला एखादा मुलगा जन्मल्याबरोबर दुसऱ्या वस्तीतल्या घरात वाढला असता, तर आज तो तितक्याच खात्रीनं दुसऱ्या मैदानात उभा राहिला असता, हे बहुतेकांच्या बाबतीत खरं आहे. माझ्याही बाबतीत आहे. एवढ्यावरून कुणाचं मत खोटं ठरत नाही. घरातून मिळालेलं मत खरंही असू शकतं. सिद्ध होतं ते इतकंच, की आपल्याला वाटणारी खात्री हा पुरावा नव्हे. खात्री वाटते म्हणतो तेव्हा आपण एका भावनेबद्दलच बोलत असतो.

हे मान्य केलं की सार्वजनिक चर्चेतलं आपलं सगळ्यात लाडकं हत्यार हातातून जातं. ते हत्यार म्हणजे "तुम्ही भावनिक होऊन बोलताय." शहरातला माणूस गावातल्याला हे म्हणतो, अधिकारी प्रकल्पग्रस्ताला म्हणतो, मुंबईचा माणूस विदर्भातल्याला म्हणतो, पुरुष बाईला म्हणतो, आणि ज्यांच्या वाट्याला कधी अपमान आला नाही ते अपमान सोसलेल्याला म्हणतात. म्हणणारा स्वतःला आपोआप विचारी ठरवून घेतो. ज्याचं काही जळत नाही त्याचा आवाज शांत असतो. त्या शांततेला आपण विवेक समजतो. मला हे अन्यायाचं वाटतं, आणि तर्कदृष्ट्या चूकही.

अवनीचं उदाहरण घ्या. यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवडा-राळेगाव भागात टी-१ म्हणजेच अवनी या वाघिणीवर तेरा माणसांच्या मृत्यूचा ठपका होता. तिला मारण्याच्या आदेशाचा वाद उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात आणि नंतर सर्वोच्च न्यायालयात गेला. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री बोराटीच्या परिसरात तिला गोळी घातली गेली, आणि शवविच्छेदन आमच्या नागपुरातल्या गोरेवाड्यात झालं. त्या भागातल्या गावांत फटाके फुटले. शहराशहरांतून निषेध झाला. शहरातल्यांना फटाके क्रूर वाटले, आणि दोन वर्षं संध्याकाळी शेतावर जायला घाबरणाऱ्यांना तो निषेध क्रूर वाटला.

त्या महिन्यात नागपुरात जिथे बसावं तिथे हाच विषय होता. तर्री-पोह्याच्या ठेल्यावर उभं राहिलं तरी. तेव्हा एक गोष्ट माझ्या लक्षात आली, आणि आजही हीच खूण मला सगळ्यात भरवशाची वाटते. प्रश्न खरं तर चार वेगवेगळे होते. तेराही माणसं याच वाघिणीनं मारली होती का? तिला बेशुद्ध करून पकडणं शक्य होतं का? गोळी झाडली त्या क्षणी ती अंगावर येत होती का? आणि मारताना नियम पाळले गेले का? यातल्या एकाचं उत्तर दुसऱ्याला बांधलेलं नाही. तिनं तेराही माणसं मारली असतील आणि तरी गोळी घालताना नियम मोडले गेले असतील, हे सहज शक्य आहे. ती निर्दोष असेल आणि तरी तिला पकडणं अशक्य असेल, हेही शक्य आहे. पण मला भेटलेल्या माणसांपैकी जे वाघिणीच्या बाजूचे होते त्यांची चारही उत्तरं वाघिणीच्या बाजूची, आणि जे गावांच्या बाजूचे होते त्यांची चारही गावांच्या बाजूची. डीएनए, पंजाचे ठसे, बंदुकीचा कोन यांबद्दल सगळेच अधिकारवाणीनं बोलत होते. एकमेकांशी संबंध नसलेल्या चार प्रश्नांची उत्तरं जेव्हा एकाच दिशेला पडतात, तेव्हा ती उत्तरं पुराव्यानं दिलेली नसतात. आपण कुणाच्या बाजूला आहोत हे आधी ठरलेलं असतं आणि तथ्यं त्या बाजूला रांगेत उभी केलेली असतात.

ही खूण आत डोकावून मिळत नाही, हे महत्त्वाचं. ती बाहेरून दिसते. कागदावर आपली मतं एकाखाली एक लिहिली तरी दिसते. एखाद्या वादात माझं प्रत्येक उत्तर माझ्याच बाजूला सोयीचं निघत असेल, तर मला माझ्या मनाची साक्ष काढायची गरज उरत नाही.

आता माझ्या घरचा प्रश्न. मी वेगळ्या विदर्भाच्या बाजूचा आहे. इथे जन्मलो, इथे शिकलो, "तुमच्याकडे फार ऊन असतं ना हो" एवढीच आमच्याबद्दलची माहिती असलेली माणसं मुंबई-पुण्यात भेटत आली, आणि त्या सगळ्याचा परिणाम माझ्यावर आहे. त्याची मला लाज नाही. पण वरची कसोटी वाघिणीला लावायची आणि विदर्भाला लावायची नाही, असं चालणार नाही. विदर्भवाद्याचंही चार प्रश्नांचं गाठोडं असतं. अनुशेष, म्हणजे विकासात राहून गेलेली तूट, जाणूनबुजून ठेवला गेला का? वेगळं राज्य आर्थिकदृष्ट्या टिकेल का? भाषा एक असताना राज्यं दोन असायला हरकत आहे का? आणि विदर्भातल्या बहुसंख्य लोकांना हे हवं आहे का? आमची चारही उत्तरं तयार असतात, आणि चारही वेगळ्या राज्याच्या बाजूची असतात. संयुक्त महाराष्ट्रवाद्याची चारही नेमकी उलट. दोघांनीही गाठोडं सोडून एकेक प्रश्न सुटा तपासलेला नसतो.

दाखल्यांचं काय होतं ते बघा. फाजल अली यांच्या अध्यक्षतेखालच्या राज्य पुनर्रचना आयोगानं १९५५ साली वेगळ्या विदर्भ राज्याची शिफारस केली होती, हे आमच्या प्रत्येक सभेत सांगितलं जातं, आणि ते खरं आहे. नागपूर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी होतं, तेव्हा हा विचार हवेतला नव्हता. पण त्याच आयोगानं उरलेल्या मराठी मुलखाला गुजरातीभाषक प्रदेशासह द्विभाषिक मुंबई राज्यात ठेवायला सांगितलं होतं. महाराष्ट्रानं ते झुगारलं, आणि ते झुगारणं न्याय्य होतं असं आपण सगळे, विदर्भवादीसुद्धा, मानतो. म्हणजे एकाच अहवालाचं एक पान आम्हाला निःपक्ष तज्ज्ञांचा निवाडा वाटतं आणि दुसरं पान मराठी माणसावरचा अन्याय. समोरच्यांचंही वेगळं नाही. त्यांना दुसरं पान रद्द झाल्याचा अभिमान आहे, आणि पहिल्या पानाचा विषय निघाला की ते म्हणतात, आयोगाला काय कळतं.

नागपूर कराराचंही तसंच. मराठी भागांतल्या नेत्यांनी एका राज्यात येण्यासाठी २८ सप्टेंबर १९५३ ला केलेला हा करार मोडला गेला, असं आम्ही म्हणतो. करारात शासन दरवर्षी काही काळ नागपुरात हलावं आणि विधिमंडळाचं एक अधिवेशन इथे व्हावं, असं होतं. निधी आणि नोकऱ्यांत लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा मिळावा, असंही होतं. अधिवेशन होतं, पण ते उरकलं जातं, ही तक्रार रास्त आहे. वाट्याची तक्रारही रास्त आहे. पण करार मोडला हे सिद्ध झालं तरी त्यातून दोन निष्कर्ष निघू शकतात: करार पाळायला लावा, किंवा वेगळे व्हा. आम्ही पहिल्या निष्कर्षाकडे बघतसुद्धा नाही. का बघत नाही, याचं उत्तर करारात सापडणार नाही.

आणि आकडे. अनुशेष मोजण्यासाठी वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली गेली, तिचा अहवाल १९८४ चा. राज्याचा एकूण अनुशेष तीन हजार एकशे शहाऐंशी कोटींच्या घरात निघाला आणि त्यात विदर्भाचा वाटा सुमारे ३९ टक्के. हा आकडा इथल्या चळवळीतल्या माणसाला झोपेतून उठवून विचारला तरी सांगता येतो. मराठवाड्याचा वाटा सुमारे २४ टक्के होता. उरलेले सुमारे ३७ टक्के उर्वरित महाराष्ट्राचे होते, ज्यात कोकण येतं आणि पश्चिम महाराष्ट्रातले दुष्काळी तालुकेही येतात. हा शेवटचा आकडा मी नागपुरातल्या एकाही भाषणात ऐकलेला नाही. तो लपवला जातो असं मी म्हणत नाही. तो लक्षातच राहत नाही.

चार्ल्स डार्विनला हे आपल्या सगळ्यांच्या आधी नीट कळलं होतं. त्यानं आत्मचरित्रात लिहून ठेवलं आहे की आपल्या निष्कर्षाविरुद्ध जाणारी एखादी गोष्ट दिसली, वाचली किंवा सुचली तर तो ती ताबडतोब टिपून ठेवायचा. कारण अनुकूल गोष्टींपेक्षा अशा गोष्टी स्मरणातून फार लवकर निसटतात, हा त्याचा अनुभव होता. मला यातलं "ताबडतोब" महत्त्वाचं वाटतं. त्यानं मनाला सुधारायचा प्रयत्न केला नाही. मन असंच वागणार हे धरून चालून वहीची सोय केली.

याला पुढे प्रयोगाचा आधारही मिळाला. १९७९ साली चार्ल्स लॉर्ड, ली रॉस आणि मार्क लेपर यांनी फाशीच्या शिक्षेचे समर्थक आणि विरोधक अशा विद्यार्थ्यांना दोन अभ्यास वाचायला दिले. एका अभ्यासानुसार फाशीमुळे खून कमी होतात, दुसऱ्यानुसार होत नाहीत. दोन्ही गटांना आपल्या बाजूचा अभ्यास काटेकोर वाटला, आणि विरुद्ध अभ्यासाच्या पद्धतीत त्यांना भराभर दोष दिसले. अभ्यासांच्या पद्धती आलटूनपालटून दिल्या होत्या, म्हणजे तीच पद्धत एकाला निर्दोष आणि दुसऱ्याला भोंगळ वाटत होती. दोन्ही बाजूंचा पुरावा वाचून माणसं जवळ आली नाहीत. आपलं मत आणखी पक्कं झालं, असंच त्यांनी सांगितलं.

त्याच्या पुढचा भाग फारसा सांगितला जात नाही, आणि माझ्या मते तोच खरा कामाचा आहे. १९८४ साली लॉर्ड, लेपर आणि एलिझाबेथ प्रेस्टन यांनी हा प्रयोग थोडा बदलून पुन्हा केला. एका गटाला बजावलं: शक्य तितके निःपक्षपाती राहा, न्यायाधीशासारखा विचार करा. काही फरक पडला नाही. दुसऱ्या गटाला सांगितलं: प्रत्येक टप्प्यावर स्वतःला विचारा, हाच अभ्यास, याच पद्धतीनं केलेला, पण निष्कर्ष उलटा निघाला असता, तर मी त्याला हेच गुण दिले असते का? या गटातला कल बराच कमी झाला. "निःपक्ष राहा" हा उपदेश निष्फळ ठरला, कारण प्रत्येकाला वाटत होतं की आपण निःपक्ष आहोतच. "निकाल उलटा असता तर" हा प्रश्न उपयोगी पडला, कारण त्याला उत्तर देताना मनाची साक्ष लागत नाही, दोन वागणुकींची तुलना करावी लागते.

एवढं सगळं वाचून कुणी म्हणेल, मग भावना बाजूला ठेवूनच विचार करावा. हे मला अजिबात मान्य नाही. अँटोनियो डमासिओ या मेंदूविज्ञानाच्या अभ्यासकानं अशा रुग्णांचं वर्णन केलं आहे ज्यांच्या मेंदूच्या पुढच्या भागाला इजा होऊन भावना बोथट झाल्या होत्या. बुद्धीच्या चाचण्यांत ते उत्तम उतरत. पण कामाची साधी निवड करताना ते तासन्‌तास अडकत, नोकरी-संसार उद्ध्वस्त करणारे निर्णय घेत. कशाचं काहीच वाटत नसेल तर कशाला महत्त्व द्यायचं हेच ठरत नाही. प्रश्न पडण्यासाठी आधी काहीतरी लागावं लागतं, दुखावं लागतं.

आमच्या शहरात याचं आधुनिक भारतातलं सर्वांत मोठं उदाहरण घडलं. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात डॉ. आंबेडकरांनी जाहीर केलं की हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. त्यावर गांधीजींची प्रतिक्रिया अशी होती की गुजरातमधल्या कविठा गावात दलितांवर झाले तसल्या अत्याचारांमुळे डॉ. आंबेडकरांना आलेला राग आपण समजू शकतो, पण धर्म म्हणजे घर किंवा अंगरखा नव्हे, की हवा तेव्हा बदलावा. सहानुभूतीनं केलेला असला तरी तो "भावनिक होऊन बोलताय" हाच शेरा होता. आणि राग होता यात शंका नाही. तो असायलाच हवा होता. पण त्यानंतर काय झालं? १९३६ साली मुंबईच्या परिषदेत बाबासाहेबांनी धर्मांतराची कारणमीमांसा सविस्तर मांडली. शीख धर्माचा पर्याय गांभीर्यानं तपासला आणि सोडला. स्वीकारायच्या धर्माकडून काय हवं याच्या अटी त्यांनी लेखी मांडल्या: तो विवेकाला धरून असावा, स्वातंत्र्य-समता-बंधुता मानणारा असावा, दारिद्र्याला पवित्र ठरवणारा नसावा. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात दीक्षा घेतली, म्हणजे मधे एकवीस वर्षं गेली. दुसऱ्या दिवशीच्या भाषणात त्यांनी नागपूरच का निवडलं, इथपासून कारणं सांगितली. निर्णयाचं मूळ जखमेत होतं. पण त्या जखमेनं प्रश्न विचारला, उत्तर मात्र ठरवून टाकलं नाही. एखादं मत भावनेतून उगवलं हे कळल्यावर आपण त्याला बाद करतो, ती घाई आहे. उगवल्यानंतर त्याला कोणकोणत्या तपासणीतून जाऊ दिलं, हे विचारायला हवं.

दसऱ्याला दीक्षाभूमीच्या परिसरात पुस्तकांचे स्टॉल लागतात, तिथे कालाम सुत्ताचा सारांश दिसतो. केसपुत्त गावच्या कालामांनी बुद्धाला विचारलं होतं, इतके गुरू येतात, प्रत्येक जण आपलंच खरं म्हणतो, आम्ही कुणाचं मानावं? बुद्धानं दहा गोष्टी सांगितल्या ज्यांच्यावर विसंबून काही मानू नये. परंपरा, ऐकीव गोष्ट, ग्रंथातलं वचन, गुरूचा मान, या आपण सगळे सांगतो, आणि सारांश करतो की "स्वतःच्या बुद्धीला पटलं तरच माना." पण त्या दहांत निव्वळ तर्कही आहे, आणि आपल्या आधीपासूनच्या मताशी जुळतं म्हणून मानणंही आहे. म्हणजे बुद्धीला पटणं एवढ्यावर तो थांबत नाही. लोभ, द्वेष आणि मोह यांनी पछाडलेला माणूस काय करतो आणि त्याचा परिणाम हिताचा होतो की अहिताचा, याकडे तो कालामांना बघायला लावतो. आपलं मत आचरणात उतरल्यावर कुणाचं काय होतं, ही तपासणीही बाहेरचीच आहे. दहातले चार मुद्दे उचलून दुसऱ्यांच्या श्रद्धांवर वापरायचे आणि स्वतःवर रोखलेले दोन सोडून द्यायचे, हे आम्हा विवेकवादी म्हणवणाऱ्यांकडून वारंवार होतं, म्हणून हे जरा लांबवून लिहिलं.

मग करायचं काय? मला विचाराल तर सुरुवात शाळा-कॉलेजांच्या वादविवाद स्पर्धांपासून करावी. विदर्भात या स्पर्धांची परंपरा मोठी आहे आणि मी परीक्षक म्हणून अनेक ठिकाणी बसलो आहे. चिठ्ठी टाकून बाजू ठरते. पोरगी विरुद्ध बाजूची चिठ्ठी बघून आधी हिरमुसते. तयारी करते. स्पर्धा झाल्यावर बाहेर चहा पिताना विचारलं, तर म्हणते, "सर, खरंच सांगू का, आता मले हेच पटून राहिलं." चिठ्ठीनं दिलेलं मत पंधरा दिवसांत तिचं झालेलं असतं, आणि तिला वाटतं अभ्यासामुळे झालं. अभ्यास तर तिनं एकाच बाजूचा केला होता. आपण मुलांना नेमकं हेच शिकवतो आहोत: आधी बाजू घे, मग कारणं गोळा कर, मग त्यावर विश्वास ठेव.

न्याय या प्राचीन भारतीय तर्कशास्त्रानं चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. वाद हा तत्त्व समजून घेण्यासाठी. जल्प हा जिंकण्यासाठी, त्यात छळ-कपटही चालतं. वितंडा म्हणजे स्वतःचं काही न मांडता फक्त समोरच्याचं खोडणं. आपल्या स्पर्धांचं नाव वादविवाद असलं तरी चालतो तो जल्प, आणि दूरचित्रवाणीवर तर वितंडाच. माझी सूचना अशी आहे: प्रत्येक वक्त्यानं आपलं भाषण सुरू करण्याआधी दोन मिनिटं पूर्वपक्ष मांडावा, म्हणजे समोरच्याची बाजू शक्य तितकी बळकट करून सांगावी, आणि त्या दोन मिनिटांचे गुण परीक्षकानं न देता प्रतिस्पर्ध्यानं द्यावेत. "हो, माझं म्हणणं हेच आहे" असं तो म्हणाला तरच पुढे जायचं. भाषणाच्या शेवटी एक वाक्य सक्तीचं असावं: कोणती गोष्ट सिद्ध झाली तर मी माझी बाजू सोडेन. हे वाक्य ज्याला सांगता येत नाही त्याचे गुण कापावेत, मग त्याचं वक्तृत्व कितीही फर्डं असो.

याच दोन गोष्टी जनसुनावणीत याव्यात. वीज प्रकल्पाची सुनावणी असो की झाडं तोडण्याची, अधिकाऱ्यानंही आणि आंदोलकानंही आधी समोरच्याचं म्हणणं मांडावं आणि मग सांगावं की कोणत्या मोजमापानंतर आपण माघार घेऊ. राखेचं प्रमाण, पाण्याचा उपसा, पर्यायी जागेचा खर्च, यातलं काहीतरी. आज सुनावणीत एक बाजू तक्ते दाखवते, दुसरी आक्रोश करते, आणि तक्तेवाल्यांना विचारी समजलं जातं. तक्तेवाल्याला हा प्रश्न विचारून बघा, बरेचदा कळतं की त्याच्याही जवळ माघारीचा आकडा नाही.

यावर आमच्या चळवळीतले जुने सहकारी मला म्हणतात, "भाऊ, असं कागदावर लिहून दिलं तर लढायचं काऊन? समोरचा थोडीच लिहून देणार आहे." आक्षेप वजनदार आहे. आंदोलन शंकेवर उभं राहत नाही, आणि ज्याच्या हाती सत्ता आहे त्याला आपल्या शंका दाखवणं म्हणजे त्याच्या हाती कोलीत देणं, ही भीती खोटी नाही. पण गेली साठ-पासष्ट वर्षं आम्ही शंका न दाखवताच लढलो. त्यातून अकोला-बुलढाण्याचा माणूस आमच्यापासून दूर राहिला, कारण वेगळं राज्य झालं तर सगळं नागपूरलाच जाईल या त्याच्या प्रश्नाला आम्ही कधी प्रश्न मानलंच नाही. तोही आम्हाला विरोधकांचा डाव वाटला. वऱ्हाडातली ती शंका आम्ही वेळीच टिपून ठेवली असती तर चळवळीचं बळ कमी झालं नसतं.

म्हणून माझ्यापुरतं मी लिहून दिलं आहे, आणि इथेही लिहितो. माझ्या मागणीतला एक भाग आर्थिक आहे. सिंचन, रस्ते आणि नोकऱ्यांतला विदर्भाचा वाटा लोकसंख्येच्या प्रमाणात आला आणि लागोपाठ दोन विधानसभांच्या काळात तो तसाच टिकला, तर अन्यायाचा युक्तिवाद मी सोडेन आणि सभेत ३९ टक्क्यांचा आकडा उच्चारणार नाही. दुसरा भाग कारभाराचा आहे: राजधानी आठशे किलोमीटरहूनही लांब असल्यानं गडचिरोलीच्या माणसाचं काम अडतं, असं मी मानतो. नागपुरात राजधानी आल्यावरही त्याचं काम तितकंच अडेल, असं छत्तीसगड किंवा तेलंगणाच्या दुर्गम तालुक्यांच्या अनुभवावरून दिसलं, तर हाही मुद्दा मी मागे घेईन. तिसरा भाग नुसता आपलेपणाचा आहे. त्याला आकड्यानं खोडता येत नाही आणि आकड्यानं सिद्धही करता येत नाही, म्हणून तो मी युक्तिवाद म्हणून मांडणार नाही, इच्छा म्हणून मांडेन. इच्छेचा निवाडा मतपेटीत व्हावा. अकराही जिल्ह्यांत कौल घेतला आणि तो विरुद्ध गेला, किंवा नागपूर विभागात बाजूनं आणि अमरावती विभागात विरुद्ध गेला, तर मागणी सोडायची माझी तयारी आहे. संयुक्त महाराष्ट्र मानणाऱ्या माझ्या मित्रांनी त्यांचा कागद लिहावा. मी तो वाचायला, आणि त्यांचा पूर्वपक्ष त्यांना पटेल असा मांडून दाखवायला, कुठल्याही व्यासपीठावर येईन.